कामावर जावेंसें कां वाटावें?

माणूस पोटासाठीं काम करतो हें खरें. परंतु तो एका ठिकाणीं वीस वर्षें टिकतो आणि दुसऱ्या ठिकाणाहून वीस दिवसांत पळ काढतो, याचें कारण केवळ पोटांत सांपडत नाहीं. हा विषय आज आम्ही वाचकांपुढें मांडीत आहों, त्याला निमित्त परतूरच्या एका घरीं निघालेल्या गोष्टीचें झालें.

गेल्या माघांत आम्हांस परतूरला जाण्याचा योग आला. मनमाडहून निघालेली गाडी जालना मागें टाकून पुढें सरकूं लागली कीं दोहों बाजूंना काळी जमीन आणि वेचणी आटपत आलेलीं कपाशीचीं शेतें दिसूं लागतात. परतूर हें या लोहमार्गावरचें तालुक्याचें गांव. एके काळीं तें निजामाच्या राज्यांत होतें. पुढें परभणी जिल्ह्यांत मोडत असे. १९८१ मध्यें जालना जिल्हा निराळा झाला तेव्हां तें त्यांत आलें. आमच्या एका जुन्या स्नेह्यांचें तेथें चार पिढ्यांचें घर आहे. तीन भाऊ, त्यांच्या सुना-मुलें, आणि सर्वांच्या वर नव्वदीला टेकलेल्या आजी, असें सतरा माणसांचें तें एकत्र कुटुंब. वडील भावानें पूर्वीं सरकी काढण्याचा एक लहानसा कारखाना घातला होता. गांवांत त्याला सारेच जण ‘जिनिंग’ म्हणतात. तीन वर्षांपूर्वीं तो त्यांच्या पुतण्यानें हातीं घेतला. मुलगा अभियंता, पुण्याची नोकरी सोडून आपखुषीनें गांवीं परतलेला, कष्टाळू आणि सरळ मनाचा.

रात्रीं जेवणें झाल्यावर पानाचा डबा पुढें आला आणि या मुलानें आपलें दुखणें बोलून दाखविलें. “काका, मजुरी मी ठरल्या दिवशीं देतों. दिवाळीला मिठाईचे पुडे आणि साड्या वाटतों. यंदा भिंतींना रंग दिला, कचेरींत नव्या खुर्च्या आणल्या, दारांत बोटाचा ठसा घेऊन हजेरी मांडणारें यंत्र बसविलें. बाहेरगांवच्या मजुरांना उचलही देतों. तरी माणूस टिकत नाहीं. आतां तर आमचे मिस्त्रीसुद्धां हंगाम संपतांच काम सोडणार म्हणतात. तुम्ही लिहिणारीं माणसें. सांगा, यांना हवें तरी काय?”

प्रश्न वरवरचा नव्हता. नव्या यंत्रांसाठीं घरच्या जमिनीवर कर्ज काढलेलें होतें. मिस्त्री गेले आणि पुढल्या हंगामांत यंत्रें बंद पडलीं, तर दारांत कापसाच्या गाड्या खोळंबणार, शेतकरी दुसरीकडे वळणार आणि सतरा माणसांच्या घराला त्याचा चटका बसणार, हें तिघा भावांच्या चेहऱ्यांवर स्पष्ट दिसत होतें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही कारखाना पाहण्यास गेलों. कचेरी खरोखरच छान होती. खुर्च्या मऊ होत्या. त्यांवर बसावयास मात्र मालक आणि कारकून असे दोघेच होते. आंत गेल्यावर यंत्रांच्या घरघराटांत बोललेलें ऐकूं येईना. हवेंत कापसाचे बारीक तंतू तरंगत होते. दहा-बारा बायका ढिगापाशीं उकिडव्या बसून कवडी निवडीत होत्या. पदर तोंडाला गुंडाळलेला, हाच त्यांचा बचाव. कापसाच्या धुळींत वर्षानुवर्षें काम करणाऱ्यांची छाती भरून येते, आणि सुटीनंतरच्या पहिल्याच दिवशीं तो त्रास अधिक जाणवतो, हें वैद्यकशास्त्रानें केव्हांच दाखवून दिलें आहे. पिण्याचें पाणी कचेरीच्या ओसरीवर होतें आणि उठावयाचें तर मुकादमाला विचारून. एका तान्ह्या मुलाची झोळी दोन खांबांना बांधलेली होती आणि तिच्यावरही तोच पांढरा थर बसला होता.

आम्हीं एका बाईस सहज विचारलें, “मावशी, त्या दारांतल्या यंत्राचें कसें चाललें आहे?” ती म्हणाली, “आमचीं बोटें झिजलेलीं, त्याला ओळखूं येत नाहींत. दोनदां लावलें, तीनदां लावलें, तरी तांबडा दिवा. मग अर्धा दिवस कापला जातो.” वाचकहो, हातांवरच्या रेषा कामानें झिजाव्यात आणि त्या झिजल्या म्हणूनच काम केलें नाहीं असें ठरावें, ही गोष्ट त्या भल्या मुलाला ठाऊकच नव्हती! त्याला ती कोणीं सांगितली नव्हती, कारण त्यानें ती कधीं विचारली नव्हती.

मग आम्ही मिस्त्रींकडे वळलों. गृहस्थ मितभाषी. बराच वेळ गेल्यावर ते म्हणाले, “साहेब, येथें मला बावीस वर्षें झालीं. आवाज बदलला कीं कोणत्या यंत्राचा रोलर झिजला तें मला न पाहतां कळतें. दादांनीं नवीं यंत्रें आणलीं; कोणतीं आणावीं हें मला विचारलें नाहीं, त्याचें कांहीं नाहीं. मालक ते आहेत. पण पाया घालतांना मीं सांगितलें कीं वीतभर उंच घ्या, पावसाळ्यांत या कोपऱ्यांत पाणी शिरतें. बाहेरून आलेला माणूस हंसला, दादाही हंसले. त्या दिवसापासून इकडे यावयास पाय निघत नाहीं.”

मिस्त्रींच्या या शेवटच्या वाक्यांत मुलाच्या प्रश्नाचें उत्तर होतें असें आम्हांस वाटतें. कामाच्या जागेचें सुख रंगांत आणि खुर्च्यांत आहे असा आजकाल समज झालेला आहे. मोठ्या शहरांतील कचेऱ्यांत खेळाचीं मेजें, फुकट चहा आणि रंगीत बैठका असतात, त्या पाहून आलेली तरुण मंडळी तोच थाट गांवीं उभारूं पाहते. परंतु जेथें आपल्या शब्दाला हंसतात तेथें माणसाला मऊ खुर्चीही टोंचते. आणि जेथें आपल्या शब्दाला मान आहे तेथें तो दगडावरही बसतो.

आपल्या महाराष्ट्रानें या बाबतींत एक मोठा धडा पूर्वींच घालून दिलेला आहे. बेळगांव येथें सायकलींच्या दुकानापासून आरंभ करून कडबा कापण्याचीं यंत्रें आणि लोखंडी नांगर बनविणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना तेथील जागा सोडावी लागली, तेव्हां औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनीं कुंडल रोड स्टेशनाजवळची बत्तीस एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचें कर्ज देऊं केलें. १९१० च्या मार्चमध्यें त्या निवडुंगानें आणि सापांनीं भरलेल्या माळावर किर्लोस्करवाडीची वसाहत सुरू झाली. त्या काळीं तेथें ना सावली होती, ना सोय. तरीही कामगार आपलीं बायकामुलें घेऊन लक्ष्मणरावांच्या मागून त्या माळावर गेले. कां गेले?

याचें उत्तर त्यांनीं जवळ केलेल्या माणसांकडे पाहिलें म्हणजे मिळतें. अनंतराव फळणीकर हे शाळा अर्धवट सोडलेले गृहस्थ. पण लक्ष्मणरावांनीं त्यांच्या हातांतली बुद्धि ओळखली आणि ते नामांकित यंत्रज्ञ झाले. तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग हे दरोड्यांबद्दल शिक्षा भोगून आलेले. त्यांच्याच हातीं लक्ष्मणरावांनीं वसाहतीची राखण दिली. ज्याच्यावर कोणाचाच विश्वास नाहीं त्याच्यावर आपलें घरदार सोंपविणें, याहून मोठी बक्षिसी कोणती? वाडींत अस्पृश्यता पाळूं दिली जात नसे. पुढें १९२० मध्यें शंकरराव किर्लोस्करांनीं याच वाडींतून ‘किर्लोस्कर खबर’ काढली आणि मागाहून ‘स्त्री’ व ‘मनोहर’ हीं मासिकें निघालीं, हें आपल्या घरांतील जुन्या मंडळींना सांगावयास नकोच; अनेकांच्या माळ्यावर त्यांचे अंक अजून असतील. नांगर घडविणाऱ्या गांवांतून मासिकेंही निघावींत, ही गोष्टच त्या जागेबद्दल पुष्कळ सांगते.

नागपूरचें उदाहरण निराळें आहे. १ जानेवारी १८७७ रोजीं जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल तेथें सुरू झाली. सुरुवातीला कामगारांची गैरहजेरी ही तिची मोठी डोकेदुखी होती. दंड आणि दटावणी हा त्या काळचा सर्वमान्य उपाय. जमशेटजी आणि त्यांचे व्यवस्थापक बेझनजी मेहता यांनीं दुसरी वाट धरली. हवेंतील कोरडेपणा आणि उष्मा कमी करण्याची व्यवस्था गिरणींत केली. १८८६ मध्यें निवृत्तिवेतनाचा निधि काढला. १८९५ मध्यें अपघात झालेल्यांना भरपाई देण्यास सुरुवात केली. हातपाय निकामी झाला तर आपण रस्त्यावर पडणार नाहीं आणि म्हातारपणीं मुलांच्या तोंडाकडे पाहावें लागणार नाहीं, एवढा भरंवसा वाटला कीं माणसाचें चित्त कामांत रमूं लागतें. परदेशांतही असेंच घडलेलें आहे. स्कॉटलंडमधील न्यू लॅनार्क येथें रॉबर्ट ओवेननें १८०६ मध्यें कापूस मिळेनासा झाला म्हणून गिरणी चार महिने बंद ठेवली, परंतु कामगारांना पुरा पगार दिला. एरवीं त्याच्या नव्या नव्या कल्पनांकडे संशयानें पाहणारे लोक त्यानंतर त्याचे झाले.

पण येथें वाचकांपैकीं कोणी म्हणेल, “म्हणजे सारें कांहीं मालकाच्या चांगुलपणावर अवलंबून!” ही शंका रास्त आहे. मालक बदलला कीं चांगुलपणाही बदलतो. म्हणून दुसऱ्या एका पुरुषाचें स्मरण येथें केलेंच पाहिजे. मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याची सुटी ठाऊक नव्हती, त्या काळीं नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ मध्यें कामगारांच्या सभा भरविल्या आणि साडेपांच हजार सह्यांचा अर्ज सरकारकडे पाठविला. मागण्या कोणत्या? आठवड्यांतून एक दिवस विसांवा, दुपारीं अर्धा तास सुटी, दिवस मावळल्यावर काम नको, पगार वेळेवर, आणि अपघात झाल्यास मदत. चैनीचें एक अक्षरही त्यांत नाहीं. सहा वर्षांच्या खटपटीनंतर १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांनीं रविवारची सुटी मान्य केली. आज आपण रविवारीं दुपारीं जेवून सुखानें लवंडतों, तेव्हां त्या सुटीमागें कोणाचे पाय झिजले याची आठवण किती घरांत होते?

पुढें १९४८ च्या कारखाना कायद्यानें असेंही बजाविलें कीं ज्याला उभ्यानें काम करावें लागतें त्याला मधून मधून बसावयास जागा असली पाहिजे. एवढ्या साध्या गोष्टीसाठीं देशाला कायदा करावा लागला, यांतच सारें आलें. मालकाच्या चांगुलपणावर मिळणारी सोय ही उद्यां जाऊं शकते. हक्कानें मिळणारी सोय टिकते. त्या दोहोंची सांगड जेथें बसते तेंच सुखाचें ठिकाण होय.

हें सारें मनांत ठेवून आम्हीं त्या मुलाला चार गोष्टी सांगितल्या. पहिली देहाची: स्वच्छ हवा, जवळ पाणी, बसावयास पाट, नाकातोंडाला चांगली पट्टी, आणि तान्ह्या मुलासाठीं धुळीपासून दूर एक खोली. कचेरीच्या रंगाआधीं हा खर्च. दुसरी वेळेची: काम केव्हां सुरू होतें, केव्हां संपतें, सुटी कोणत्या दिवशीं, पैसे कोणत्या दिवशीं, हें फळ्यावर लिहिलेलें असावें आणि तें मालकालाही मोडतां येऊं नये. उचल देऊन माणूस बांधला जातो, जोडला जात नाहीं. दसरा झाला कीं आपल्या मराठवाड्यांतलीं किती कुटुंबें उचलीपायीं ऊंसतोडीला जातात! त्यांतलें कोणी त्या फडावर प्रेमानें जातें काय?

तिसरी गोष्ट शब्दाची. जो जें काम करतो त्याला त्या कामाविषयीं आधीं विचारावें. यंत्र कोठें बसवावें हें मिस्त्रीला, माठ कोठें ठेवावा हें निवडणाऱ्या मावशींना. सांगितलेलें प्रत्येक वेळीं मानतां येणार नाहीं. परंतु मानलें नाहीं तर कां नाहीं, तें सांगावें. चौथी गोष्ट वाढीची. आज कवडी निवडणारी बाई दहा वर्षांनींही कवडीच निवडणार असेल, तर तिला उद्यांची ओढ कसली? कोणाला वजनकांटा शिकवावा, कोणाला हिशेब, कोणाला यंत्र. आपण येथें आहों त्याहून कांहीं अधिक होऊं, ही आशा फळीवरच्या मिठाईहून गोड असते.

आजी भिंतीला टेकून हें सारें ऐकत होत्या. आमचें बोलणें संपल्यावर त्या म्हणाल्या, “हें सारें जिनिंगलाच लागू आहे वाटतें? मी या घरांत आलें तेव्हां चूल वाऱ्याच्या तोंडाशीं होती. धूर सारा डोळ्यांत. चूल तेथें मांडणाऱ्या पुरुषांपैकीं एकही कधीं तिच्यापुढें बसला नव्हता. बत्तीस वर्षें मीं डोळे पुसले. घर नव्यानें बांधलें तेव्हां मीं तुझ्या आजोबांना सांगितलें, ओटा किती उंच हवा तें गवंड्याला विचारूं नका, सुनांना विचारा. तिघींना उभें करून माप घेतलें. आज पन्नास वर्षें झालीं, तिघीही त्याच ओट्याशीं सुखानें नांदल्या.” मग नातवाकडे वळून म्हणाल्या, “तूं त्या मिस्त्रीला हंसलास, तें चुकलें रे बाळा.”

सभा तेथेंच संपली. आम्हांस मात्र परतीच्या गाडींत झोंप आली नाहीं. लोकांना चार गोष्टी शिकविणें सोपें. पण आमच्या स्वतःच्या घरीं काय होतें? अकरा वर्षें एक बाई आमच्याकडे धुणेंभांडीं करतात. त्यांना आम्ही सणाला पातळ देतों, आजारपणीं औषध देतों आणि त्याबद्दल मनांतल्या मनांत स्वतःची पाठही थोपटून घेतों. परंतु आठवड्याची ठरलेली सुटी त्यांना आम्हीं कधीं दिली नव्हती. मागितली तर देत होतों. म्हणजे प्रत्येक वेळीं त्यांना मागावी लागत होती. लोखंड्यांच्या अर्जाविषयीं मोठ्या तोंडानें बोलणाऱ्या आम्हांला आमच्या स्वयंपाकघरांत अजून १८९० उजाडलेलें नाहीं हें उमगावें, आणि तेंही परतूरच्या आजींमुळें, याची आम्हांस लाज वाटली. घरीं आल्यावर आम्हीं त्यांना विचारलें, “तुम्हांला कोणता वार सोयीचा?” त्या क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “रविवार. मुलें घरीं असतात.” अकरा वर्षांत आम्हीं हें विचारलें नव्हतें. आतां रविवारीं भांडीं आमचीं आम्ही घासतों. दोन कप फुटले आहेत, पण त्याची तक्रार नाहीं.

आपल्यासारख्या एकत्र कुटुंबांतून कामाची जागा केवळ कारखान्यांत किंवा कचेरींत नसते. स्वयंपाकघर ही कामाची जागा आहे, आजारी सासऱ्यांची खोली ही कामाची जागा आहे, परीक्षेचे गठ्ठे तपासणाऱ्या मास्तर-सुनेचें मेजही कामाचीच जागा आहे. तेथें उजेड आहे काय, बसावयास ठिकाण आहे काय, विसांव्याची वेळ ठरलेली आहे काय, आणि मुख्य म्हणजे तेथें काम करणारीस कोणीं विचारलें आहे काय, हे प्रश्न प्रत्येक घरच्या कर्त्या माणसानें एकदां स्वतःला करून पाहावेत. घरीं ज्याला हें साधतें त्याला बाहेर वेगळें कांहीं शिकावें लागत नाहीं.

वैशाखांत परतूरहून पत्र आलें. मुलगा लिहितो कीं हंगाम संपल्याबरोबर यंत्रें उचलून पाया वीतभर उंच घेतला; मिस्त्री स्वतः दोरी धरून उभे होते. हजेरीचें यंत्र आहे, पण ज्यांची बोटें त्याला ओळखूं येत नाहींत त्यांच्यासाठीं वही ठेवली आहे, आणि कापलेले अर्धे दिवस हिशेब करून परत दिले आहेत. माठ आंत आला आहे. मुलांसाठीं कचेरीमागची खोली रिकामी केली, तेव्हां दोन मऊ खुर्च्या तिकडेच गेल्या. मिस्त्रींची त्यानें सर्वांसमक्ष माफी मागितली. त्यावर ते कांहींच बोलले नाहींत. राहणार कीं जाणार, हेंही त्यांनीं अजून सांगितलेलें नाहीं. परंतु पत्राच्या शेवटीं मुलानें लिहिलें आहे कीं गेल्या आठवड्यापासून मिस्त्रींनीं कवडी निवडणाऱ्या एका मावशीच्या मुलाला हाताखालीं घेतलें आहे, आणि डोळे मिटून यंत्राचा आवाज ओळखावयास ते त्याला शिकवीत आहेत.

जाणारा माणूस असें करीत नाहीं, अशी आमची समजूत आहे. ती खरी ठरो.